धाकटीचं प्रथिन

धाकटी बहीण पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, मी भोरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर रविवारी स्कूटरवरून मी जवळच्या आमच्या गावी, पालीला आईकडे जाते. धाकटी दोन-तीन महिन्यांतून एकदा उगवते आणि त्या दिवशी पुरण शिजतं. माझ्या वाट्याला पिठलं. हे मला खुपतं, आणि ते लपवायचं वय आता राहिलं नाही.

गेल्या थंडीत ती आली तेव्हा आई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. "तुजं काम नेमकं काय असतं गं?" तिनं धाकटीला विचारलं. माझी निम्मी नोकरी संपली, मला हे कधी विचारलं नव्हतं.

धाकटी मांडी घालून बसली. "जनुकात प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. पेशी त्याची नक्कल काढते, ती कातरते आणि हवे ते तुकडे जोडते. मेंदूत एखादा तुकडा ठेवते, स्नायूत तोच गाळते. म्हणून एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं होतात."

"एका जनुकाचं एक प्रथिन," मी मध्येच बोलले. ते कधीच मागं पडलंय, वर्गात मीसुद्धा तसं सांगत नाही. मला फक्त तिचा सूर मोडायचा होता.

"ताई, तुला माहितीये की," ती हसली आणि पुन्हा आईकडं वळली. "प्रथिनं एकमेकांना धरून काम करतात. गाळलेला तुकडा नेमका दुसऱ्याला धरणारा असला तर जुने सोबती सुटतात. वेगळा तुकडा आला तर नवे जोडले जातात. कोण सुटलं, कोण जोडलं, ते जाळं मी शोधते."

आईचे हात थांबले होते. "म्हंजी घर त्येच, पर एकीची ऊठबस निराळी, दुसरीची निराळी."

"अगदी तसंच," धाकटी खूश होऊन म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला.

तिची गाडी गेल्यावर मी आईला विचारलंच, "माझ्या शिकवण्याचं कधी विचारलं नाहीस ते?"

आई फोलपटं गोळा करत होती. "तिचं मला निम्मं बी कळलं न्हाई. पर तिच्याशी बोलायला माज्याकडं दुसरं हाय काय? न्हाई इचारलं तर यायची बंद हुईल ती. तुजं तसं न्हाई. तू येतीसच."

केवढा विश्वास होता तिचा माझ्यावर. भोरला परतताना मला मात्र सारखं वाटत राहिलं, मी येणार नाही अशी भीती तिला एकदा तरी वाटायला हवी होती.