दहापैकी एक बोट

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन घनसावंगीच्या आमच्या ओसरीवर उतरलं, की वेचून आणलेल्या कापसाला उबदार, किंचित तेलकट वास सुटतो. त्याच कापसाचा वातीएवढा पुंजका वळून मी रोज सकाळी बायकोच्या, सुमनच्या पायांशी बसत असे.

उन्हाळ्यात शेताकडे जाताना सुमनची चप्पल निसटली, आणि तिला ते कळलंच नाही, ती तशीच पुढं चालत राहिली. मागून येताना मी मोजली, अकरा पावलं. पुढं तपासण्यांत मणक्यातली रक्तवाहिन्यांची गाठ सापडली, हिमँजिओमा. अशी गाठ पुष्कळांना असते आणि कधी कळतही नाही. मज्जारज्जूला आवळणारी मात्र फार विरळा. एमआरआयच्या दारात तिनं लग्नापासूनची जोडवी पहिल्यांदा उतरवून माझ्या खिशात घातली.

शस्त्रक्रियेनं गाठ गेली, सुमन चालू लागली. बोटांची संवेदना परतेल का, हे डॉक्टरही सांगेनात. ती परतेपर्यंत जोडवी घालायची नाहीत, असं मात्र त्यांनी बजावलं, कारण काचलं तरी कळणार नाही. आणि रोज तिचे डोळे मिटवून, बोटांना कापूस लावून कुठलं बोट ते विचारायचं.

माझ्या वहीत आकडे चढत गेले: दहापैकी तीन, पाच, आठ. ज्या सकाळी दहाच्या दहा आली, त्या सकाळी ऊनच जणू माझ्या अंगात शिरलं. मी जपून ठेवलेली जोडवी तिला घालायला काढली. तिनं पाय मागं घेतला.

"अहो, रोज अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच जाता तुम्ही. पाच श्वास झाले की बोट बदलता, बराबर घड्याळासारखं. तुमचं तोंड पाहावत न्हाई, म्हणून मोजून सांगून राह्यले."

मी वही मिटली, नवा पुंजका वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा क्रम सोडला. उजवी करंगळी, काही नाही. डावा अंगठा, "न्हाई." मग डाव्या पायाचं, जोडव्याचा फिकट वळ उरलेलं बोट. ती थांबली. श्वास मोजायचंही मी विसरलो.

"जोडव्याचं," ती म्हणाली. "डावं."

मध्ये दुसरी बोटं घेत मी तिथं आणखी दोनदा आलो. दोन्ही वेळा तिनं ओळखलं. मी वही उघडली. दहापैकी एक लिहिणार, तोच मिटल्या डोळ्यांनी तिनं पाय पुढं सरकवला.

"लिहाल मंग. तिथंच लावा की पुन्हा."