करीमभाई आणि सर्व्हरवरचे रुमाल

सर्व्हर अडला की करीमभाई सर्व्हरकडे जायचेच नाहीत. हातात चहाचा कप घेऊन आधी सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारायचे, प्रत्येकाच्या स्क्रीनमध्ये डोकावायचे आणि विचारायचे, "काय चाललंय?" शेंद्र्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज होतात आणि त्या सर्व्हरवरून गिऱ्हाइकांना जातात. तो सांभाळायला करीमभाई रोज सिल्लोडहून एसटीने यायचे.

एकदा मला त्यांच्या या चकरेचा भयंकर राग आला होता. एका मोठ्या ऑर्डरचं ड्रॉइंग बाराच्या आत पोचवायचं होतं. नाहीतर ऑर्डर हातची जाणार आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार. साडेअकराला सर्व्हर म्हणतो, एका वेळी दहाच जोडण्या, जागा नाही! मी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं. साहेब म्हणाले, "करीमभाई, ती मर्यादाच काढून टाका."

"काढतो की. पण आत कोन कोन बसलंय ते तर बघू द्या," करीमभाई म्हणाले. "गर्दी कुनाची ते न बघता दार रुंद करायचं नाय, साहेब."

आणि निघाले चकरेला. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

आमच्याकडे एक रीतच पडली होती. ऐन वेळी जागा मिळत नाही म्हणून सकाळी आल्या आल्या जो तो सर्व्हरला जोडून घ्यायचा आणि काम असो नसो, संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही. करीमभाई हसायलाच लागले. "अरे, हा सर्व्हर हाय का सिल्लोडची यष्टी? सगळ्यांनी खिडकीतून रुमाल टाकून ठिवलेत!"

सात टेबलांवरचे सात रुमाल त्यांनी तिथल्या तिथे उचलायला लावले. बाराला पाच कमी असताना माझं ड्रॉइंग गेलं.

उरलेल्या तीनपैकी एक जोडणी कुणा परक्याची होती. कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्या ऑफिसला पासवर्ड एकच, तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो पाठ असणार. साहेब भडकले, "चूक कुणाची?"

"माझी," करीमभाई म्हणाले. "दाराला नियम मी लावायला पायजे व्हता."

त्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. दहा मिनिटं काम नसलं की सर्व्हर आपणहून बाहेर काढू लागला, गिऱ्हाइकांना जाणाऱ्या फायली कुलूपबंद होऊन जाऊ लागल्या, आणि कॅलेंडर कचऱ्यात गेलं.

राहिलेल्या दोन जोडण्या माझ्याच होत्या. एक मोबाइलची, एक हर्सूलला घरी चालू राहिलेल्या लॅपटॉपची. आरडाओरडा सगळ्यांत जास्त मीच केला होता. करीमभाईंनी साहेबांना यातलं अवाक्षर सांगितलं नाही. संध्याकाळी जाता जाता हळूच म्हणाले, "ताई, हर्सूलहून बी रुमाल टाकता व्हय?" मी लाजेने लाल झाले. त्या दिवसापासून हा माणूस मला फार आवडू लागला.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. सर्व्हर माझ्याकडे सोपवला. निरोपाचे पेढे खाऊन झाल्यावर मला खुर्चीत बसवून म्हणाले, "आता माझं खातं बंद करा."

"उद्या करते की, करीमभाई."

"नाय. मानूस गेला की त्याच दिवशी खातं बंद. कॅलेंडर इसरलात?"

मी बंद केलं. त्यांनी वाकून एका बोटाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. सर्व्हरने आत घेतलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. "लई झ्याक!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, डबा उचलला आणि एसटी गाठायला निघाले.

नियम त्यांचाच होता म्हणून खातं बंद केलं. नाहीतर त्यांची जागा राखायला मी रुमाल टाकून ठेवला असता.