पाठ न लागलेला पैलवान

नानांची पाठ मातीला कधी लागली नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाना म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. आठवीतून शाळा सुटली तेव्हा ओरडले नाहीत. यावलचा एक केळीचा व्यापारी त्यांच्या कुस्तीचा शौकीन होता, त्याच्याकडे मला चिकटवलं. तिथून मी दिल्लीला आलो, केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर. आज दोन घास खातो ते नानांच्या नावावर.

त्यांची एक खासियत होती. समोरच्यानं उचलून आपटलं की पाठ टेकू नये म्हणून ते डोक्यावर पडायचे. सगळा भार टाळूवर आणि मानेवर, अंगाची कमान, खांदे मातीच्या वर. पाचोऱ्याच्या दंगलीत तो आवाज मला पार मागं बसून ऐकू आला होता. नानांचे डोळे फिरले. उस्तादांनी त्यांच्या डोक्यावर मूठभर माती चोळली, "माती बठ्ठं ओढी लेस," म्हणाले, म्हणजे सगळं दुखणं माती ओढून घेते, आणि कुस्ती पुन्हा लागली. हलगीवाला बेभान झाला होता. मीही.

यंदा काकूचा फोन आला. "तू इ जाय रे भाऊ. तुना नाना माले वळखतस, पन कोन म्हनीसन वळखतस ते समजत नही."

गेलो. काकूनं चहा पुढं केला तेव्हा पदराखालचं मनगट दिसलं, काळंनिळं. झोपेत पाठ अंथरुणाला टेकली की नाना दचकून उठतात आणि हाताला लागेल त्याला धरतात. घरात दुसरं कोण आहे? नाना ओट्यावर बसले होते, आंघोळ करून, स्वच्छ.

"कोना शेस तू?"

"दिल्लीहून आलो, नाना."

"दिल्लीना पैलवान?" त्यांनी मला खालीवर पाहिलं. "मान ते बारीक शे तुनी."

मी हसलो. हसण्यावाचून काय करणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याला, देवपूरच्या एका दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का कधी? बेशुद्ध पडले होते?"

काकू ताठ झाली. "नाही हो साहेब. पाठ लागली नाही त्यांची कधी."

मीही मान हलवली. खोटं बोलत नव्हतो आम्ही. आमच्याकडे पडणं म्हणजे पाठ टेकणं. डोक्यावर आपटलं तर तो मार नाही, तो बचाव. त्याला लोक टाळ्या वाजवतात. डॉक्टर पुढचं लिहायला लागले तेव्हा मला पाचोऱ्याचा तो आवाज आठवला. मी म्हटलं, साहेब, थांबा, आणि ती कमान सांगितली. असं किती वेळा झालं, त्यांनी विचारलं. ते कोणी मोजलंय?

"जुन्या मारामुळे असू शकतं," ते म्हणाले. "दुसरंही काही असेल. मेंदूचा फोटो काढू."

फोटोला उताणं झोपावं लागतं, हे मला कुठं माहीत होतं. दवाखान्याच्या माणसानं नानांना अलगद आडवं केलं आणि खांद्यांवर हात ठेवले. बस. नानांनी टाचा रोवल्या, डोकं चादरीत घुसवलं, आणि ह्या वयात ती कमान जशीच्या तशी उभी राहिली. "बाबा, काही नाही होत, पडून राहा ना," तो बिचारा म्हणत होता. नानांचे दात आवळलेले. मानेच्या शिरा पाहवत नव्हत्या.

काही सुचेना. मी टाळी वाजवून पंचासारखा ओरडलो, "सुटली! कुस्ती बरोबरीत सुटली!"

नाना सैल पडले. उठून बसले आणि घामाघूम झालेल्या त्या माणसाचा हात हातात घेतला. "चांगला लढना भो."

"तुम्ही पण, बाबा," तो म्हणाला. देव त्याचं भलं करो.

मग नाना चपला शोधायला लागले. कुस्ती संपली, आता घर. पुन्हा झोपवलं, पुन्हा तेच. डॉक्टर चिडले नाहीत. गुंगीचं इंजेक्शन देऊन करू, पण आधी हृदयाची तपासणी, आणि फोटोतूनही जुन्या माराचं पक्कं सांगता येईलच असं नाही, म्हणाले. पुढची तारीख माझ्या सुट्टीनंतरची होती. मी हात जोडले.

दिल्लीला निघण्याआधी काकूला शिकवलं, त्यांनी धरलं की "सुटली" म्हण. तिनं माझ्यासमोरच म्हणून पाहिलं, मोठ्यानं. नानांनी वळूनही बघितलं नाही. आखाड्यात बाईचा आवाज त्यांनी जन्मात ऐकलेला नाही.

म्हणून आता फोन माझ्या खिशात असतो, थंड खोलीत केळी रचतानाही. काल वाजला. मी दार लोटून बाहेर पळालो. काकूनं फोन त्यांच्या कानाला लावला असावा, श्वास जवळून येत होता.

"सुटली, नाना. बरोबरीत सुटली."



"कोन बोली राहिना?"

"पंच."

"मंग हाऊ गडी हात का बरं सोडत नही मन्हा?"

पलीकडं त्यांच्याच मुठीत काकूच्या बांगड्या वाजत होत्या. मी पुन्हा म्हटलं, सुटली. पुन्हा म्हटलं.