तीस पंचावन्नची जोडी

देवाने माणसं करताना मापं घेतली नाहीत, एवढाच माझ्या बायकोच्या मामांचा देवावर राग होता. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहणारा हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू तिच्या जोडीदाराशी ताडून पाहत असे. नवी चप्पल आणली की दोन्ही पाय तराजूत. डावी जरा जड भरली म्हणून ती दुकानदाराला परत करताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. ताटात दोन पुऱ्या वाढल्या तर आधी एकीवर दुसरी ठेवून बघणार, मग खाणार. आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली म्हणून सगळे पेढे वाटत होते आणि मामा कोपऱ्यात बसून मला न्याहाळत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, थंड असताना सगळ्याच जोड्या जुळतात. तापल्यावर बघायचं." मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हे वाक्य कळायला मला लग्नानंतर सहा महिने लागले.

हे थंड आणि तापलेलं आलं होतं त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. रेडिओचा आवाज मोठा करायला तो त्यांनी घरीच बनवला होता. ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळलेला, आणि खोका सागवानी फळ्यांचा. त्या फळ्या पाळण्याच्या होत्या. मूलबाळ झालं नाही, तेव्हा माळ्यावरचा पाळणा मामींनीच काढून दिला, म्हणाल्या, "यात काहीतरी आवाज करू दे." त्या अ‍ॅम्प्लिफायरचा जीव होता दोन ट्रान्झिस्टरांत. बाजारात त्यांना 'तीस पंचावन्न' म्हणत. चपट्या पत्र्यावर इवलीशी वाटी पालथी घालावी तसे दिसायचे. एक आवाजाला वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, आणि दोघांची ताकद सारखी नसेल तर आवाज लंगडतो, असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत. पोस्टमनलासुद्धा त्यांनी एकदा पाऊण तास समजावलं होतं.

दुकानातून आणलेले ट्रान्झिस्टर कधीच सारखे नसत. त्यांतून जोडी निवडायचा विधी रविवारी दुपारी चाले. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने एक गार पडला की माप चुकलं. टेबलाच्या या बाजूला मामा, समोर मामी. वायरी जोडलेला एकेक ट्रान्झिस्टर रुमालात गुंडाळून दोघांनी मुठीत धरायचा. तळहाताची ऊब लागली की दोघांसमोरच्या मीटरचे काटे चढू लागत. बरोबरीने चढले आणि सोडल्यावर बरोबरीने उतरले, की जोडी पक्की. मामी घामाने निथळत, पण मूठ सोडत नसत. मला म्हणायच्या, "लग्नात यांनी माझा हात एवढा वेळ धरला नव्हता हो. आता मेल्या या टिकल्या तासभर धरायला लावतात!" मग मामा म्हणत, "पुरे. सोड आता." तेवढं झालं की चहा.

मामी एका दुपारी भाजी निवडता निवडता गेल्या. आजारपण नाही, काही नाही. मामा रडले नाहीत. वर्षभराने विजेचा दाब एकदम वाढला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधला एक तीस पंचावन्न जळाला. आता मामांचाच जन्मभराचा नियम असा की एक गेला तर दुसराही काढायचा, नवीन जोडीच घालायची. या नियमापायी त्यांनी कित्येकांशी भांडणं केली होती. पण वाचलेला ट्रान्झिस्टर मामींच्या मुठीतला होता, आणि तो कायमचा काढून टाकायला मामांचा हात धजेना. त्यांनी त्याला जोडीदार शोधायला घेतला. कल्याणच्या एका दुकानात मी सोबत होतो. तिथला पोरगेला मालक वैतागून म्हणाला, "काका, नवीन पेअर घेऊन टाका ना, मॅचिंग करूनच देतो." मामा म्हणाले, "मॅचिंग करायला मी ब्लाउजपीस मागतोय का?" आणि पिशवीभर सुटे ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर पडले.

दरम्यान एकट्या ट्रान्झिस्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालूच होता. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. बातम्या देणारी बाई अर्धा शब्द बोले आणि उरलेला अर्धा कुणी तिच्या तोंडावर हात ठेवून आत दाबल्यासारखा वाटे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी येऊन हात जोडले, "मामा, दिवेलागणीला तेवढा नका लावू. आमच्याकडे घास उतरत नाही." मामा म्हणाले, "अर्धा तर ऐकू येतोय. उरलेला अर्धा जरा लक्ष दिलं की लागतो." वहिनी ते ऐकून पुन्हा कधी खाली आल्या नाहीत.

जोडी तपासायला समोर दुसरा हात हवा. आधी मामांनी माझ्या बायकोला बसवलं, मग मला. माझ्या मुठीत काटा उड्या मारू लागला. "जावईबापू, तुमचा हात बडबड करतो," म्हणून त्यांनी मला उठवलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. पण प्रत्येक भेटीत नापास ट्रान्झिस्टरांचा बिस्किटांचा डबा जास्त भरलेला दिसे. समोर कुणी बसत नसेल तर हे नापास होतात कसे, हा साधा प्रश्न मला, विज्ञानाच्या मास्तराला, पडला नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी न कळवता गेलो, तर खिडक्या बंद होत्या आणि पंखाही बंद. मामा टेबलाशी मूठ वळून बसले होते. मला त्यांनी डोळ्यांनीच पलंगावर बसायला सांगितलं. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. खुर्चीपुढे टेबलावर मामींचा रुमाल होता, त्यात अ‍ॅम्प्लिफायरमधून तेवढ्यापुरता काढलेला तो जुना ट्रान्झिस्टर, आणि वायरी मीटरपर्यंत गेलेल्या. मामांचा काटा हळूहळू चढायला लागला. मग समोरचाही चढायला लागला. कुणी त्या रुमालाला हात लावलेला नव्हता. ऊन कुठून येतंय का ते मी पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, वायर कुठे चिकटली आहे का पाहिलं. काटा शांतपणे वर जात राहिला. माझ्या पाठीवरून घामाची धार उतरली आणि ती गार होती. थोड्या वेळाने मामा नेहमीच्या आवाजात समोर बघून म्हणाले, "पुरे. सोड आता." दोन्ही काटे बरोबरीने खाली आले. मी उठून रुमालाला बोट लावलं. तो कोमट होता, आणि घामाने जरासा ओला.

दोन्ही काटे चढताना आणि उतरताना एका रेषेत होते. केसाएवढाही फरक नव्हता. इतक्या शोधानंतर जोडीदार सापडला होता. मी मामांकडे पाहिलं. ते मीटरकडे बघत नव्हते, खुर्चीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. जोडी जुळली की शोध संपणार, रविवारची बैठक संपणार, आणि त्या खुर्चीत कुणी येऊन बसायचं कारणच उरणार नाही. तेव्हा मला त्या डब्याचा अर्थ लागला. त्यातले किती खरंच नापास झाले होते, देव जाणे.

"फरक आहे ना?" मामांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"हो मामा," मी म्हणालो, "चांगला दिसण्याइतका फरक आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला, आपल्या मुठीतला ट्रान्झिस्टर डब्यात टाकला आणि चहाला उठले. कप त्यांनी तीन काढले. मला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तिसरा कप मीच त्या खुर्चीपुढे ठेवला. पुढे मामा होते तोवर मी ठाण्याहून त्यांच्यासाठी तीस पंचावन्न नेत राहिलो, चांगले पारखून, आणि त्यांतला एकही कधी जुळला नाही.