इनामगावच्या वाटेवरचा लाल शिक्का

प्रिय मिहिका आणि ऋत्विज,

मागच्या रविवारी मिहिकाने फोटो पाठवला. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला प्लास्टिकचं कार्ड, कार्डावर तिचा हसरा चेहरा आणि खाली ‘प्रेस’. पहिल्याच नोकरीत एवढ्या मोठ्या परिषदेला आत जायला मिळालं म्हणून पोरगी हरखून गेली होती. मी फोटो मोठा करून पाहिला, मग उठून कपाट उघडलं आणि माझं कार्ड काढलं. पुठ्ठ्याचं आहे. त्याची गोष्ट मी तुमच्या आईलासुद्धा नीट सांगितलेली नाही. ऋत्विज म्हणतो, आजी, लिहून काढ आणि या फोरमवरही टाक, इथे अशा गोष्टी वाचणारे लोक आहेत. म्हणून दोन्हीकडे एकच मजकूर देते आहे.

आधी माझ्याबद्दल. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. शिरूरला आमच्या घरी वडील शाळामास्तर. अंगात येणं, उतारे, दृष्ट काढणं यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. पुढे पुण्यात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, तेव्हा उरलंसुरलंही गेलं. आजही मला कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. फक्त हे एक सोडून... आणि याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सत्तरचं दशक होतं. पुण्यात एक आंतरराष्ट्रीय सुरक्षा परिषद भरली होती. देशोदेशीचे मुत्सद्दी, लष्करी अधिकारी, आणि सगळी चर्चा बंद दाराआड. पत्रकारांना हॉटेलच्या पायरीपर्यंतसुद्धा सोडत नव्हते. त्यांच्यासाठी ठेवली होती ती शेवटच्या दिवसाची एक संधी. पाहुण्यांना घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन दाखवायला न्यायचं होतं, आणि तिथे मांडवात, दुपारच्या चहाआधी तासभर, पत्रकार त्यांना प्रश्न विचारू शकणार होते. हा तास हुकला की संपलं.

पुणे–शिरूर रस्ता पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला. म्हणून पत्रकारांनी रेल्वेने दौंडला उतरायचं आणि तिथून भाड्याच्या बसने केडगाव, पारगाव, न्हावरे करत इनामगावला पोचायचं असं ठरलं. त्यांना दौंड स्टेशनवर घ्यायचं, ओळख पटवून कार्डं द्यायची आणि वेळेत मांडवात नेऊन सोडायचं – हे काम माझ्याकडे आलं. इंग्रजी येत होतं म्हणून मला माहिती विभागात तात्पुरतं घेतलेलं. आमचे साहेब निघताना म्हणाले, “बाई, बाईमाणसाला हे काम देऊ नका असं मला तिघांनी सांगितलंय. नीट पार पाडलंत तर कायम करतो. नाही तर माझाही इलाज नाही.”

इलाज नाही म्हणजे काय ते मला माहीत होतं. शिरूरला माझ्यासाठी एक स्थळ आलेलंच होतं. मुलाकडच्यांची एकच अट होती, मुलीने नोकरी करायची नाही. वडिलांनी मला मुदत दिली होती ती या परिषदेपर्यंतच.

गाडी वेळेवर आली. दौंडच्या फलाटावर भजी खात खात सगळे उतरले – बरेचसे परदेशी, काही मुंबईचे. मी एकेकाचा चेहरा पाहायची, मग त्याच्या कागदावरचा फोटो, मग पुन्हा चेहरा, आणि मग गळ्यात कार्ड. मुंबईचे वागळे म्हणून एक वयस्कर वार्ताहर होते. तिरकस माणूस.

“बाई, तीनदा बघितलंत. पसंत आहे का ते तरी सांगा.”

“पत्रिका जुळत नाही,” मी म्हटलं. त्यानंतर आमचं बरं जमलं.

बसचे ड्रायव्हर शिवाजीमामा. जवळच्याच राहू गावचे. डोक्याला मुंडासं आणि तोंडाची टकळी सतत सुरू. मी पुढच्या सीटवरून रस्त्याच्या पाट्या वाचत होते, तर म्हणाले, “बाई, पाट्या वाचू नका. मी राहूचा हाय. ह्या मुलखातली बैलंसुद्धा मला वळकत्यात.”

पारगावपर्यंत सगळं सुरळीत. न्हावरे जवळ आलं आणि पोलिसाने हात केला. पाहुण्यांचा ताफा जाईपर्यंत रस्ता बंद.

“किती वेळ?” मी विचारलं.

“आता ते कसं सांगायचं? साहेबलोकांच्या गाड्या. जातील तवा जातील.”

मी त्याला कागद दाखवले, इंग्रजीतला हुकूम दाखवला. त्याने तो उलटसुलट करून परत दिला. ऊन रणरणत होतं. मागून वागळे म्हणाले, “छान. परिषद पुण्यात, प्रश्न इनामगावात, आणि आम्ही मध्येच.” माझा घसा कोरडा पडला. शिरूरच्या घराचं दार मला समोर दिसायला लागलं.

शिवाजीमामांनी बस मागे घेतली. “उजव्या अंगाला गाडीवाट हाय, नदीच्या कडंनं. आबा जित्ते हुते तवा ह्याच वाटंनं आम्ही इनामगावच्या जत्रंला जायचो. बसा गप.”

मी बसले. दुसरं काय करणार?

इथून पुढचं मला जसं आठवतं तसंच लिहिते.

हरभऱ्याची काढणी झाली होती. रिकामी रानं आणि दोन्ही बाजूंना बाभळी. बस हळूहळू डुलत चालली. खिडकीतून येणारा वारा गरम होता, पण त्याला ओल्या मातीचा वास होता. आजूबाजूला तर ओल कुठेच नव्हती. बोलणं एकेक करून थांबलं. मागे वळून पाहिलं तर कोणी झोपलेलं नव्हतं. सगळे खिडकीबाहेर पाहत होते, लहान मुलं पाहतात तसे. शिवाजीमामांची टकळीही थांबली होती. इंजिनाचा आवाज येत असणारच, पण मला तो आठवत नाही. मला आठवतो तो कबुतरांचा आवाज आणि कुठेतरी जात्याची घरघर.

वाट नदीच्या वळणावर आली आणि समोर दोरी दिसली. दोन बाभळींना आडवी बांधलेली, गवताची वळलेली जाड दोरी. तिच्यामागे गोल गोल झोपड्या, कुडाच्या, गवताने शाकारलेल्या. धूर सरळ वर चाललेला. आणि दोरीशी एक बाई उभी.

“उतरा म्हणतीया,” शिवाजीमामा हळूच म्हणाले. ती काही बोलल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

आम्ही उतरलो. अगदी रांगेने. मी कोणाला सांगितलं नव्हतं रांग लावा म्हणून. बाई ठेंगणी, वयाने तेव्हाच्या माझ्याएवढी असेल. खांदे उघडे, गळ्यात बारीक मण्यांची माळ. हातात वाटीएवढं लालभडक भांडं, त्यावर काळ्या रेघा आणि बाजूला छोटी तोटी. त्या तोटीने तिने एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. माझा कोरडा घसा... त्या पाण्याची चव मी पुन्हा कुठे घेतली नाही.

मग तिने पायाशी ठेवलेल्या खापरात अंगठा बुडवला. त्यात कालवलेला गेरू होता. पहिला नंबर वागळ्यांचा होता. तिने त्यांचा चेहरा पाहिला. मग गळ्यातलं कार्ड हातात घेऊन पाहिलं. मग पुन्हा चेहरा. आणि कार्डाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला.

मुलांनो, मला भीती वाटली नाही. मला फक्त इतकंच वाटलं, की हे तर माझं काम! दौंडच्या फलाटावर सकाळी मी जे करत होते तेच ती करत होती, त्याच क्रमाने, तितक्याच गंभीरपणे. माझी पाळी आली तेव्हा ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. कार्यालयात दोन कारकून एकमेकांकडे पाहून मान हलवतात ना, तशी तिने मान हलवली. मीही हलवली.

शेवटी शिवाजीमामा. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. त्यांनी नुसता तळहात पुढे केला. तिने त्यावर ठसा उठवला आणि दोरी सोडली.

बसमध्ये चढल्यावर शिवाजीमामा तळहाताकडे बघत म्हणाले, “आमच्यात धान्याची कणगी भरली की तोंड लिपून असंच गेरूचं बोट उठवत्यात. मालकाबिगर कुणी हात लावायचा न्हाई म्हणून.” मग जरा थांबून, “आपल्याला कणगीत भरलं बघा, बाई.”

झोपड्यांमधून बस कशी गेली ते मला सांगता येणार नाही. बाभळी संपल्या, समोर पांढरा मांडव दिसला, झेंडे दिसले, आणि इंजिनाचा खडखडाट एकदम कानावर आला. मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी काडी पेटवली.

मांडवाच्या फाटकाशी गोंधळ चालला होता. टॅक्सीने आलेले दोन वार्ताहर हवालदाराशी भांडत होते. “कार्ड आहे ना आमच्याकडे!”

“कार्डावर लाल शिक्का पायजे. सकाळी नवा हुकूम निघालाय. बिनशिक्क्याचं कुणीबी आत न्हाई, मंग त्यो कुणाचा का पाव्हणा आसंना.”

मला हे कोणी कळवलेलं नव्हतं. मी इंग्रजीतला हुकूम हातात धरून खाली उतरले. हवालदार माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे वाकला.

“हा काय शिक्का. सोडा रं ह्यांना.” मग मागच्यांची कार्डं पाहत, “ह्यालाबी हाय... ह्यालाबी हाय... चला, चला.” शिवाजीमामांना मात्र त्याने अडवलं. “ड्रायवरनी भायेर थांबायचं.”

शिवाजीमामांनी तळहात दाखवला.

हवालदार हसला. “तुमाला हातावरच? जावा मामा, बसा जावा सावलीला.”

पाहुणे चहाला उठायला अजून तास होता. तो तास आमच्या पत्रकारांना पुरा मिळाला. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. प्रश्न-उत्तरं चाललेली दिसत होती, पण माझ्या कानात अजून कबुतरंच घुमत होती.

प्रश्न संपल्यावर उत्खननाची फेरी झाली. माहिती देणारे गृहस्थ जमिनीतल्या गोल खळग्यांकडे बोट दाखवून सांगत होते – इथे कुडाचे खांब असावेत, झोपडी गोल होती, तीन हजार वर्षांपूर्वी... टेबलावर तुकडे जोडून उभं केलेलं एक भांडं होतं. लाल, त्यावर काळ्या रेघा, बाजूला तोटी. वागळे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी भांडं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लांब जाऊन बसले.

संध्याकाळी साहेब आले ते धापा टाकतच. नवा हुकूम निघाल्यावर त्यांनी शिक्का आणि शाईचा पॅड देऊन जीप न्हावऱ्याच्या फाट्यावर उभी केली होती. आमची बस तिथे पोचलीच नाही. पॅडचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

“तुम्ही शिक्क्याचं कसं जमवलंत?” त्यांनी विचारलं.

“मी नाही, साहेब. वाटेत एक बाई होती –”

“असू दे, असू दे. प्रसंगावधान म्हणतात याला. उगाच विनय नको.”

“साहेब, खरंच. वागळ्यांना विचारा.”

वागळे म्हणाले, “बाई सांगतायत ते बरोबर आहे. पण मी हे छापणार नाही. मला अजून नोकरी करायचीय.”

साहेब खदाखदा हसले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. ते स्थळ वडिलांनी स्वतःच नाकारलं. त्यानंतर दोन वर्षांनी ऑफिसातच तुमचे आजोबा भेटले, म्हणजे तुम्ही दोघं इथवर आलात त्यात त्या अंगठ्याचाही वाटा आहे.

समजावून घ्यायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. त्याच उन्हाळ्यात शिवाजीमामांना घेऊन ती गाडीवाट शोधली. वाट होती. नदीचं वळण होतं, दोन बाभळीही होत्या. पलीकडे हरभऱ्याचं मोकळं रान. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं, इथे वस्ती होती का? तो म्हणाला, “हितं? हितं कवाच न्हाई. पावसाळ्यात पानी चढतं.” पाहुण्यांसाठी कोणी मुद्दाम सोंग उभं केलं असेल का, म्हणून उत्खननाच्या तंबूतही चौकशी केली. नाही म्हणाले. आणि तसं असतं, तरी सकाळच्या हुकमातल्या लाल शिक्क्याचं तिला कसं कळलं असतं? योगायोग म्हणावं, तर तो गेरू... गेरू वाळला की झडतो, हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं.

वागळे पुढे अनेक वर्षं दिवाळीला पत्र पाठवायचे. प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: बसमध्ये एवढे कॅमेरे होते, एकानेही फोटो का काढला नाही?

वागळे गेले, शिवाजीमामाही गेले. त्यांचा तळहात महिनाभर लाल होता, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं.

कार्ड माझ्या कपाटात आहे. गळ्यातली दोरी कुजून गेली, पुठ्ठा पिवळा पडला, टाइप केलेलं माझं नाव आता वाचता येत नाही. उजव्या कोपऱ्यातला अंगठा लाल आहे आणि त्याच्या रेषा मोजता येतात.

– तुमची आजी