गोड औषध
सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा वास आला की रेवदंड्याचा धर्मार्थ दवाखाना आठवतो. मला हिवताप होता. आई घरची बाटली धुऊन न्यायची आणि कंपाउंडरसाठी पदरात सोडे. तो लाल औषध भरून द्यायचा. ते गोड लागायचं, म्हणून मला तो माणूस फार आवडायचा. खोतांच्या मुलीलाही तोच ताप होता. तिच्याकडे तो दवाखान्यातलं हिवतापावरचं कोयनेल स्वतः पोचवायचा. ती कडू म्हणून रडायची आणि मला तिची कीव यायची. ती लवकरच खेळायला लागली, मी मात्र थंडीनं कुडकुडतच होते. शेवटी आईनं माझं औषध चाखलं आणि त्याला विचारलं, "माझ्या पोरीला कोयनेल न्हाय?" सोडे उचलत तो म्हणाला, "फुकटात कोयनेल कुठलं?" आईनं त्याच्या हातातून सोडे काढून घेतले आणि परत पदरात बांधले. आजही औषध गोड लागलं की मी थुंकून टाकते.