हलकी काडतुसं

बर्मिंगहॅमला आल्यावर शनिवार कसे घालवायचे कळेना, म्हणून मी एका रायफल क्लबात जायला लागलो. एक बाई मला जवळच्या बंदुकांच्या दुकानात एकदाच भेटल्या. सत्तरीच्या असाव्यात. बोलता बोलता उजवा खांदा चोळत होत्या.

त्यांचा नवरा रिकाम्या काडतुसांत बंदुकीची पावडर घालून ती घरीच भरायचा. तो वारला, त्याने भरलेली संपली आणि त्यांनी पहिल्यांदाच विकतची उडवली.

"खांदा काळानिळा झाला," त्या दुकानदाराला सांगत होत्या. "तेव्हा कळलं, तो इतकी वर्षं माझ्यासाठी हलकी भरत होता. बोलला नाही कधी. मी आपली समजत होते, मला बंदुकीचा धक्का सोसतो."

नवरा वापरायचा ती पावडर आता मिळत नव्हती.

"मग दुसरी कुठलीही द्या. कमी घालीन."

"तसं नका करू," दुकानदार म्हणाला. "काही पावडरी कमी घातल्या तर रायफलच फुटू शकते. हलक्या काडतुसांना या डब्यातली चालते. पुस्तकात दिलंय तेवढीच घाला."

त्यांनी डबा हातात घेतला. "त्याच्यासारखी होतील?"

"धक्का कमी बसेल. बाकीचं मला नाही सांगता येणार."

त्या कसनुशा हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुमची कोण भरतं?"

"विकतची घेतो."

जाताना त्यांनी क्षणभर माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या शहरात आल्यापासून मला कुणाचा हात लागला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.